मसूरच्या गाडीवानापासून मॉन्टगोमेरीच्या मोटारीपर्यंत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. कामानिमित्त कराडला निघालो होतो आणि महामार्ग सोडून उंब्रजमध्ये चहाला थांबलो होतो. वडापच्या जीप लागतात तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर आत्या बसलेली दिसली. नात्याने ती माझी कोणी लागत नाही. पण आपल्या वाड्यात वडीलधाऱ्या बाईला आत्या, मावशी, काकी म्हणण्याची रीत आहे, त्याप्रमाणे ती आत्या. वय ऐंशीच्या घरात. तारळी नदीच्या काठाने वर गेले की एक वस्ती लागते, तिथली. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला केसपेपर.

"जयभीम आत्या. कुठं निघालीस?"

"जयभीम लेका. कराडला. डोळं दाखवायचं हाईत. मोतीबिंदू पिकलाय म्हनत्यात."

"मग एसटीनं जायचं की. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही आता."

त्यावर आत्या जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली, "यष्टी फुकाट हाय रं. पर यष्टीपत्तूर मला कोन नेनार? आन् उतरल्यावर दवाखान्यापत्तूर?"

तिची वस्ती डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. गुडघे गेलेले. त्या दिवशी ती दूध घालायला निघालेल्या एका पोराच्या मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मधे अंग चोरून बसून रस्त्याला लागली होती. तिथून वडाप. आता कराडपर्यंत दुसरी वडाप. कराडला उतरल्यावर रिक्षा. परत येताना हाच प्रवास उलटा, आणि त्या वेळी दूधवाला पोरगा नाही.

मी हळहळलो, आत्याला चहा पाजला, जयभीम घातला आणि गाडी काढून निघालो. तासवडेच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा सहज मागे नजर गेली. गाडीत मी एकटा होतो. चार जागा रिकाम्या होत्या. मी जिथे चाललो होतो तिथेच आत्याला जायचे होते. तिने मागितले नाही, मला सुचले नाही.

वाचकहो, हा लेख त्या चार रिकाम्या जागांवर आहे.

उंब्रजहून कृष्णा ओलांडून पूर्वेला गेले की मसूर. मसूरचे रेल्वे स्टेशन आंबेडकरी माणसाला ठाऊक नसेल असे होणार नाही. १९०१ साली, बाबासाहेब लहान असताना, साताऱ्याहून आगगाडीने निघून याच स्टेशनात उतरले. सोबत थोरले बंधू आणि बहिणीची लेकरे. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांच्याकडे सुटीला जायचे होते. नवे कपडे, नव्या टोप्या. पण वडिलांना पत्र मिळालेच नव्हते, न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने विचारपूस केली, मुलांनी निरागसपणे जात सांगितली, आणि तो माणूस मागे सरकला. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या. भाडे द्यायला पैसे होते. दुप्पट भाडे देण्याचीही तयारी होती. पण महाराच्या पोरांना गाडीत घालायला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की, दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर त्या लेकरांना कुठे पाणी मिळाले नाही. डबा भरलेला असून उपाशी झोपावे लागले.

ही कहाणी आपण पाण्याची म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण ती तितकीच वाहनाचीही आहे. भाडे हातात होते, गाडी समोर होती, तरी प्रवास नाकारला गेला. बाबासाहेबांनी त्यात एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. काही अंतर गेल्यावर तोच गाडीवान बाटण्याची भीती विसरून गाडीत येऊन त्यांच्याशेजारी बसला. विटाळ होता तो गाव बघत असताना. पाय दुखायला लागले की विटाळ संपला!

आज मसूरला किंवा उंब्रजला वडापवाला कोणाची जात विचारून जीपमध्ये घेत नाही. संविधानाने आणि चळवळीने एवढे नक्की केले. पण आत्यासाठी गाडी अजूनही नाही. आजचा अडसर बदललेला आहे. तो वयाचा आहे, गरिबीचा आहे, वस्ती गावाच्या टोकाला असण्याचा आहे. आणि आपली वस्ती गावाच्या टोकाला का, हे या दैनिकाच्या वाचकाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. डांबरी रस्ता आधी कोणत्या आळीला पोहोचतो आणि शेवटी कोणत्या, हे कोणत्याही तालुक्यात फिरून बघावे.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील चर्चच्या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते. तिथल्या लहान गावांत सार्वजनिक बस जवळजवळ नसते. ज्याला मोटार चालवता येते तो माणूस, बाकीचे घरात बंद. म्हातारपणी नजर कमी झाली, हात कापू लागले, परवाना गेला की चांगला खातापिता माणूससुद्धा कैदी होतो. डॉक्टरकडे जाणे बंद, बाजार बंद, प्रार्थनेला जाणेही बंद. या ठिकाणी तिथल्या असंख्य चर्चमधून एक साधी व्यवस्था उभी राहिली. वृद्धाने दोन-तीन दिवस आधी चर्चच्या कार्यालयात फोन करायचा. तिथे स्वयंसेवकांची वही असते. कोण कोणत्या वारी मोकळा आहे, कोणाची गाडी उंच आहे, कोणाच्या गाडीत चाकाची खुर्ची मावते, हे त्यात लिहिलेले असते. स्वयंसेवक स्वतःची गाडी घेऊन घराच्या दारात जातो, हात धरून बसवतो, दवाखान्यात सोबत थांबतो आणि परत आणून घरात सोडतो. १९८० च्या दशकात रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन नावाच्या तिथल्या एका मोठ्या आरोग्यविषयक संस्थेने निरनिराळ्या चर्चना आणि ज्यू प्रार्थनामंदिरांना एकत्र आणून अशा सेवेचे प्रकल्प उभे केले. त्यांतल्या स्वयंसेवकांच्या कामांत वृद्धांना दवाखान्यात नेणे-आणणे हे एक मोठे काम होते.

आमचे काही वाचक इथे कपाळाला आठ्या घालतील. आंबेडकरी दैनिकात चर्चचे कौतुक कशाला? माझे म्हणणे सरळ आहे. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माची परखड चिकित्सा केली, पण मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने यांचे मोल त्यांनी नाकारले नाही. आपल्याच भागात १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल सुरू केले. मीटरगेज गाडीने मिरजेला जाऊन आलेले रोगी सातारा-सांगलीच्या खेड्याखेड्यांत होते. ज्यांना गावातल्या वैद्याने ओसरीवर चढू दिले नाही त्यांची नाडी तिथे हातात धरून पाहिली गेली. जे चांगले ते शिकायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि अमेरिकेतील चर्चच्या मोटारीचा इतिहास तर आपल्या लढ्याचा सख्खा भाऊ आहे. तो आता सांगतो.

१ डिसेंबर १९५५. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहर. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला. तिला अटक झाली. ५ डिसेंबरपासून शहरातल्या काळ्या जनतेने बसवर बहिष्कार टाकला. त्या बसचे बहुसंख्य उतारू काळेच होते. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुले सांभाळणे करणाऱ्या बायका, आणि त्यांत वयस्क बायका पुष्कळ. बस सोडायची म्हणजे त्यांनी कामावर जायचे कसे?

सुरुवातीला काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, लोकांना नेले. शहराच्या प्रशासनाने लगेच किमान भाड्याचा नियम दाखवून ते बंद पाडले. तेव्हा चर्च पुढे आले. लुईझियानातील बॅटन रूज येथे १९५३ साली रेव्हरंड जेमिसन यांनी अशाच बहिष्कारात मोटारींची व्यवस्था केली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना फोन करून सगळी पद्धत विचारून घेतली. मग सुमारे ३०० खासगी मोटारी उभ्या राहिल्या. चाळीसहून अधिक ठिकाणे नेमून दिली, सकाळी कुठून चढायचे आणि संध्याकाळी कुठून परतायचे याची. पुढे देणग्यांतून मोठ्या मोटारी घेतल्या आणि त्या चर्चच्या नावाने नोंदवल्या. गाडीच्या अंगावर चर्चचे नाव लिहिलेले. लोक त्यांना फिरती चर्च म्हणू लागले.

पेट्रोलला पैसा कुठून आला? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण बाई होती. तिने बायकांना गोळा केले. त्या घरी जेवण आणि गोड पदार्थ करून विकायच्या आणि पैसे चळवळीच्या सभेत आणून द्यायच्या. कोणी विचारले पैसे कुठून आणले तर म्हणायच्या, कुठूनच नाही. कारण मालकिणीला कळले तर नोकरी जाणार. म्हणून त्या गटाचे नावच पडले 'कुठलाच नाही' असे! आमच्या महिला मंडळांनी ही बाई जरूर ध्यानात ठेवावी. तिचा फोटो भिंतीवर नसला तरी चालेल.

शासनाने काय केले? मोटारी हाकणाऱ्यांवर पोलीस सोडले. किरकोळ कारणांवरून दंड. २६ जानेवारी १९५६ रोजी खुद्द किंग यांना प्रवाशांना घेऊन जाताना, पंचवीस मैलांच्या हद्दीत तीस मैलांनी गाडी चालवली म्हणून पकडून तुरुंगात नेले. विमा कंपन्यांनी चर्चच्या गाड्यांचा विमा रद्द केला. विमा नाही म्हणजे गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवून आणला, पण गाड्या थांबू दिल्या नाहीत. किंग यांनी एका म्हातारीची आठवण पुढे अनेकदा सांगितली. त्या आजीबाईला सर्वजण म्हणाले, तुम्ही थकलात, तुम्ही तरी बसने जा. तिने ऐकले नाही. पाय दमलेत पण जीव निवांत आहे, अशा अर्थाचे काही ती बोलली.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी एकीकडे न्यायालयाने या सामुदायिक मोटारींवर बंदी घातली आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद बेकायदा ठरवल्याचा निकाल कायम केला. निकालाची प्रत हाती येईपर्यंत महिनाभर लोक पायी चालले. म्हणजे नागपूरला धम्मदीक्षा होऊन दोन महिनेही झालेले नव्हते, इकडे ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, मुंबईत लाखोंचा समुदाय त्यांच्या अंत्ययात्रेत चालत होता, त्याच दिवसांत तिकडे मॉन्टगोमेरीची काळी माणसे कामावर चालत जात होती. दोघांना एकमेकांची खबर नसेल. २१ डिसेंबरला ते पुन्हा बसमध्ये बसले. ३८१ दिवस झाले होते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या मोटारी बसला पर्याय म्हणून काढलेल्या नव्हत्या. बसमध्ये सन्मानाने बसता यावे म्हणून काढलेल्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी गाड्या थांबवल्या आणि सरकारी परवान्याच्या बसमध्ये हक्काने जाऊन बसले.

आता त्याच्या पुढचा धागा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून घेतले हे जगाला माहीत आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळी जाकिटे आणि खांद्यावरची बंदूक येते. पण त्याच ब्लॅक पँथरने १९६९ च्या जानेवारीत ओकलंडमधील एका चर्चच्या सभागृहात गरीब मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक काम केले. वृद्धांचे महिन्याचे सरकारी पैसे हातात आले की चोर त्यांना वाटेत गाठून लुटायचे. म्हाताऱ्यांनी पोलिसांकडे दाद मागितली, दाद लागली नाही. ते पँथरकडे गेले. पँथरच्या पोरांनी गाडी काढली. म्हाताऱ्या माणसांना घरातून घ्यायचे, बँकेत न्यायचे, बाजारहाट करू द्यायची, सुखरूप घरी सोडायचे. या कामाला त्यांनी 'सेफ' असे नाव दिले होते.

आपण नाव घेतले, गाडी घेतली नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आपल्या पँथरच्या पोरांपुढे गावोगावचे अत्याचार होते, बहिष्कार होते, खिशात लोकलच्या पासाचे पैसे नव्हते. गाडी कुठून आणणार? पण आज तशी परिस्थिती राहिलेली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करावे लागेल.

आज आपल्या वस्त्यांत गाड्या आहेत. उंब्रजपासून कराडपर्यंतच्या कोणत्याही वाड्यात जा, एखादा शिक्षक, एखादा बँकेतला, एखादा पोलीस, एखादा निवृत्त फौजी यांच्या दारात चारचाकी उभी दिसेल. आपली कितीतरी पोरे रिक्षा, छोटा हत्ती, शाळेची व्हॅन चालवून पोट भरतात. १४ एप्रिलला गाड्यांच्या रांगा लागतात. १ जानेवारीला भीमा कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला वाड्यावाड्यातून गाड्या भरून जातात. वर्गणी जमते, ड्रायव्हर ठरतो, वाटेतल्या जेवणाची सोय होते, म्हाताऱ्यांना पुढच्या सीटवर बसवले जाते. म्हणजे व्यवस्था आपल्याला येते. फक्त ती वर्षातून चार दिवस येते. उरलेल्या ३६१ दिवसांत आत्या दुधाच्या कॅनच्या मधे बसते.

हे म्हातारे कोण आहेत, तेही पाहिले पाहिजे. सातारा-सांगलीच्या वाड्यांतील कित्येक पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत राबले. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बसल्या आणि त्यातले अनेकजण बोचकी घेऊन गावाला परतले. तेव्हा चाळिशीत होते, आता ऐंशी ओलांडली. यांनीच वर्गण्या काढून विहारे बांधली, नामांतराच्या काळात मोर्चे काढले, तुरुंगात गेले. मुले पुण्या-मुंबईला, पिंपरी-चिंचवडला. सूनबाईची नोकरी. गावाला म्हातारा-म्हातारी, दोघांतले एक बहुधा गेलेले. जे मागे राहते ते बहुधा बाई असते.

शासन काही करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले. पण आत्याला एकदा खासगी रिक्षा ठरवून कराडला जाऊन यायचे म्हटले तर त्या दीड हजारातला मोठा लचका एका दिवसात तुटतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, पण ती तातडीच्या रुग्णासाठी. मोतीबिंदू तपासायला, साखरेच्या गोळ्या आणायला, हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायला ती येत नाही, येऊही नये. रेल्वेने तर मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात सरकारी रुग्णालयात खाटा, वेगळी रांग असे सर्व लिहिले आहे. घरापासून त्या रांगेपर्यंत पोहोचायचे कसे, हे मात्र कोणत्याही कलमात नाही.

म्हणून विहाराने गाडी काढावी असे मी म्हणतो. पण नुसता उत्साह उपयोगाचा नाही. यालाही बाबासाहेबांच्याच आयुष्यात दाखला आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकायला नकार दिला. आपला साहेब पायी वाड्यात येणे लोकांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळेना, म्हणून त्यांनी आपल्यातलाच एकजण हाकायला बसवला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. मान राखण्याच्या भरात बसणाऱ्याच्या जिवाचा विचार राहून गेला, हे त्यांनी नंतर कोणताही राग न ठेवता लिहून ठेवले आहे.

तेव्हा ज्याच्या हाती गाडी द्यायची त्याचा परवाना, गाडीचा विमा, ब्रेक, टायर हे आधी पाहा. दारू पिणारा कितीही निष्ठावान कार्यकर्ता असला तरी त्याच्या हाती चावी नको. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत आणि अपघात झाला तर विम्याची अडचण होते. म्हणून म्हाताऱ्याकडून भाडे घ्यायचेच नाही. पेट्रोल विहाराच्या फंडातून. हिशेब फार मोठा नाही. उंब्रज ते कराड जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर. वस्तीवर आत शिरण्याचे आणखी काही धरा. तीन लिटर पेट्रोल म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपये, आणि एका फेरीत चारजण. आठवड्यातून एक फेरी धरली तर वर्षाचे सोळा-सतरा हजार. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेला आपण किती मोजतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

ज्यांच्याकडे भाड्याच्या परवान्याची शाळेची व्हॅन आहे अशा पोरांना मी वेगळे सांगेन. सकाळी मुले सोडल्यापासून दुपारी परत आणेपर्यंत तुमची गाडी झाडाखाली उभी असते. तोच वेळ दवाखान्यांचा असतो. परवान्यात बसते का ते आधी विचारून घ्या, आणि बसत असेल तर विहाराने तुम्हाला रीतसर डिझेल आणि मजुरी द्यावी. फुकट राबवून घेणे आपल्या लोकांना शोभत नाही.

दुसरी गोष्ट वहीची. कोणाला नेले, कुठे नेले हे लिहाच, पण कोणाला नेता आले नाही हेही लिहा. कोणत्या वस्तीला रस्ता नाही, कोणत्या थांब्यावर सावली नाही, कोणत्या म्हातारीला बसची पायरी चढता येत नाही. सहा महिन्यांनी ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा, तहसीलदारांकडे जा, आगारात जा. दलित वस्तीसाठी येणारा निधी कुठे खर्च झाला तेही त्याच वेळी विचारा. नाहीतर होईल असे की, आपण गाडी चालवत राहू आणि शासन निवांत होईल. मॉन्टगोमेरीवाल्यांनी तसे होऊ दिले नव्हते.

गाडी कोणासाठी, हा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. उंब्रजच्या स्टँडवर आत्याच्या शेजारी डोंगरातल्या एका वाडीची धनगर म्हातारी बसलेली होती. तिच्याही हातात केसपेपर होता. मागची जागा रिकामी असताना तिला ठेवून आपली गाडी निघाली, तर मसूरच्या त्या गाडीवानात आणि आपल्यात काय फरक राहिला?

पुढच्या मंगळवारी मी वस्तीवर गाडी नेली. शेवटचा अर्धा किलोमीटर चिखल होता, तिथे गाडी थांबवून आत्याला हाताला धरून आणावे लागले. तिला पुढे बसवले. पट्टा लावताना ती हसली, "बांधून घालतूस व्हय रं मला?" टोलनाका जाईपर्यंत ती काही बोलली नाही, काचेला तोंड लावून बाहेर बघत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून ऑपरेशनची तारीख दिली. परत येताना तिने केसपेपर दोनदा पिशवीतून काढून पुन्हा गुंडाळून ठेवला. मग मागे वळून पाहिले आणि विचारले, "हितं मागं किती मान्सं बसत्यात रं? आमच्याकडं आनखी दोघी हाईत डोळ्याच्या."

ऑपरेशनची तारीख मंगळवारचीच आहे.